समोरच्या काचेला वॉटर रिपेलंट कोटिंग: कामाच्या नोंदी

१२ मे

काम काय ते आधी लिहितो. गाडीच्या समोरच्या काचेला पाणी न धरणारं कोटिंग लावायचंय, घरीच, पाऊस सुरू व्हायच्या आत. गाडी जुनी, काच मूळचीच. वायपरने ओढलेले बारीक अर्धगोल ओरखडे आहेत, खालच्या कोपऱ्यात खडी लागून उडालेला एक टवका आहे, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे पाण्याचे पांढरे डाग. ओलं फडकं मारलं की गेल्यासारखे वाटतात, काच वाळली की परत हजर.

बाजारात ढोबळमानाने दोन जाती मिळतात. एक सिलिकॉनवाली, म्हणजे पॉलिसिलॉक्सेन अल्कोहोलमध्ये, रेन-एक्स वगैरे १९७० च्या दशकापासून ह्याच वाटेचं. दुसरी फ्लोरिनवाली, फ्लोरोसिलेन, लावायला जरा कटकटीची पण जास्त टिकणारी म्हणून ओळखली जाते. थिअरी एवढीच लक्षात ठेवायची की दोन्ही काचेच्या पृष्ठभागालाच धरून बसतात, मध्ये तेल, मेण किंवा जुनं पॉलिश असेल तर ते त्या मेणाला चिकटतात आणि मेणाबरोबरच निघून जातात.

दोन्ही आणल्यात. काचेच्या मधोमध चिकटपट्टी लावून ड्रायव्हरच्या बाजूला फ्लोरिन आणि शेजारच्या सीटच्या बाजूला सिलिकॉन लावून बघणार. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण एका गाडीच्या एका काचेवरून कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

डबा घेताना एक बघितलं, प्रेशरवाला एरोसोल नको. २००६ मध्ये जर्मनीत मॅजिक नॅनो नावाचा काच-फरशीवर मारायचा स्प्रे आला होता, तो वापरून शंभराच्या वर लोकांना श्वासाचा त्रास झाला आणि तो लगेच परत मागवला. नाव नॅनो होतं पण तपासात नॅनो कण सापडलेच नाहीत, आणि त्याच मालाच्या साध्या पंपाच्या बाटलीने त्रास झाल्याची तक्रार नव्हती. असली द्रव्यं बारीक तुषार होऊन फुफ्फुसात जाणं वाईट. फडक्यावर ओतून पुसायचं, काम तेवढंच होतं.

१३ मे

धुलाई. साधा शाम्पू, मेण नसलेला. ‘वॉश अँड वॅक्स’ लिहिलेला शाम्पू ह्या कामाला चालत नाही, तो काचेवरही मेण सोडतो.

मग क्ले बार, म्हणजे काचेवर घट्ट बसलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून काचेवर फिरवला तर नुसत्या बोटांना न कळणारा खरखरीतपणा कळतो, मुख्य म्हणजे वायपर पोचत नाही त्या दोन्ही कडांना. भरपूर साबणपाणी मारत क्ले फिरवला. कडांवरून निघालेली घाण तपकिरी, मधल्या भागातून जवळजवळ काही नाही. क्लेने खरखर गेली, डाग जिथल्या तिथे.

डागांवर पांढरं व्हिनेगर. टिश्यू भिजवून काचेवर चिकटवून ठेवले, वाळायला लागले की परत भिजवले. क्षाराचे ताजे डाग ह्याने विरघळतात आणि तसे बरेच गेलेही, पण बोनेटच्या बाजूची खालची पट्टी, जिथे धुतलेलं पाणी साचून वाळतं, तिथले गोल-गोल कडे तसेच राहिले. तिथे नुसता चुना नाही, सिलिकाही बसलेला असणार, किंवा काचच थोडी खाल्ली गेलीय. व्हिनेगर त्याला काही करत नाही.

अशा डागांसाठी तीव्र आम्लाचे क्लीनर मिळतात, झटपट काम करतात. त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते काच खातं आणि माणसालाही सोडत नाही, कातडीला लागलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत जात राहतं. बाटलीवर ही नावं दिसली तर तिथेच ठेवून द्यायची.

१९ मे

सेरियम ऑक्साइडचा दिवस. सगळ्यात जास्त वेळ ह्याने खाल्ला, त्यामुळे जरा सविस्तर.

काच घासायची पावडर हीच, फिकट गुलाबी-तपकिरी मिळाली. पाण्यात कालवून ताकापेक्षा दाट, ओघळणार नाही इतपत केली. कोरडी पावडर उडते म्हणून कालवताना मास्क लावला. ड्रिलला फेल्टचा पॅड, स्पीड कमी. त्याआधी गाडीच्या रंगावर, रबरावर आणि वायपरखालच्या जाळीवर चिकटपट्टी आणि प्लास्टिक. प्लास्टिक आळस न करता लावा, कारण हे पाणी सगळीकडे उडतं आणि वाळलं की रबराच्या फटीतून टूथब्रशने काढत बसावं लागतं. एवढं झाकूनही जाळीत थोडं गेलंच.

पहिला भाग हाताने करून बघितला, फेल्टचा तुकडा लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवून. हाताने साधी फिल्म आणि हलके डाग जातात पण खालच्या पट्टीतल्या गोल कड्यांवर परिणाम शून्य. मग ड्रिल. एका वेळी दोन तळहात मावतील एवढाच चौकोन, आडवं मग उभं, दाबायचं नाही, आणि पॅडखाली कायम ओलं पाहिजे. वाळायला लागलं की पॅड काचेला ओढायला लागतो, ड्रिलचा आवाज जड होतो, तो आवाज आला की थांबून फवारा मारायचा. दर थोड्या वेळाने हात लावून बघत होतो, काच कोमट झाली की दुसऱ्या चौकोनावर जायचं. समोरची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर, एकाच जागी तापवली तर तडा जाऊ शकतो. खडीच्या टवक्यापासून वीतभर लांबच राहिलो, तिथे दाब आणि उष्णता दोन्ही नको.

काय गेलं: डाग जवळपास सगळे, जुनी कसलीतरी फिल्म पूर्ण. काय नाही गेलं: वायपरचे ओरखडे. नख अडकतं तो ओरखडा सेरियमने जात नाही, आणि जिद्दीने एकाच जागी घासत राहिलं तर तिथे काच बसते आणि पलीकडचं हलल्यासारखं दिसायला लागतं. ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर तसला खड्डा करून घेण्यापेक्षा ओरखडा परवडला. सोडून दिले.

संध्याकाळपर्यंत पाठ गेली. बाटलीवर कोटिंगचं काम ‘१० मिनिटांत’ म्हणून छापलंय, ती १० मिनिटं ह्या सगळ्यानंतरची हे छापायला जागा पुरली नसावी.

२० मे

पाण्याची परीक्षा. काचेवर वरून साधं पाणी सोडायचं आणि बघायचं. स्वच्छ काचेवर पाणी सलग चादरीसारखं पसरून उतरतं. जिथे ते फाटतं, थेंब-थेंब होतं, तिथे अजून काहीतरी बसलंय.

दोन ठिकाणी फाटलं. वरची काळ्या ठिपक्यांची पट्टी, जिथे पॅड नीट पोचला नव्हता, आणि वायपर जिथे येऊन टेकतात ती खालची रेघ. वायपर उचलून खाली घासलंच नव्हतं. दोन्ही हाताने परत घासलं, परत पाणी, ह्या वेळी पूर्ण चादर. एरवी काचेवर थेंब दिसले की बरं वाटतं, कोटिंगच्या आधी मात्र तोच थेंब नापास.

त्याच वेळी फोटोफ्रेममधली एक सुटी काच पण अशीच घासून, अर्धी-अर्धी आखून ठेवलीय. गाडीच्या काचेवर बसून प्रयोग करता येत नाहीत, ह्या तुकड्यावर करता येतील.

२६ मे

कोटिंग. सकाळी लवकर, सावलीत, काच हाताला थंड लागत असताना. उन्हात तापलेल्या काचेवर अल्कोहोल क्षणात उडतं आणि खाली पट्टे राहतात, ते फोटोफ्रेमच्या तुकड्यावर आधी बघून घेतलं होतं, तुकडा उन्हात ठेवून. पट्टे जे बसले ते परत सेरियमनेच निघाले.

आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसलं, दर वेळी नवीन फडकं. फडक्याबद्दल एक: मायक्रोफायबर फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेलं असेल तर ते स्वतःच काचेवर फिल्म सोडतं. नवीन घेतली आणि तीही साध्या साबणाने एकदा धुऊन वाळवली.

सिलिकॉनची बाजू सोपी. फडक्यावर ओतायचं, छोट्या गोलात दाबून फिरवायचं, वाळू द्यायचं, धुरकट होतं, मग किंचित ओल्या फडक्याने पुसायचं. दोन हात दिले.

फ्लोरिनवालं चिवट निघालं. फेल्टने आडवं-उभं लावलं, बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे थांबलो आणि पुसायला गेलो तर खालच्या कोपऱ्यात ते आधीच धरलेलं, फडकं नुसतं घसरतंय आणि खाली इंद्रधनुष्यासारखे पट्टे. ते काढायला त्याच द्रव्याचा अजून एक थेंब टाकून ओलं केलं आणि लगेच पुसलं, तेव्हा सुटलं. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी, खरवडायला जाऊ नका. पुढचे भाग लहान-लहान घेतले, लावलं की बघत बसायचं, धुरकट व्हायला लागलं की पुसायचं, घड्याळापेक्षा काचेकडे लक्ष. हवेतल्या ओलाव्याने ह्याचा वेग बदलतो त्यामुळे छापील मिनिटं सगळीकडे लागू पडतील असं नाही.

मधली चिकटपट्टी काढली. तिचा गोंद राहिला एक रेघभर, तो अल्कोहोलने काढला आणि अर्थातच तिथलं दोन्हीकडचं कोटिंगही पातळ झालं. कागदी मास्किंग टेप वापरा, तपकिरी पॅकिंगची नको.

गाडी रात्रभर आत. पाणी लावायचं नाही.

२७ मे

सकाळी तिरप्या उन्हात काचेवर धूसर ढग दिसतायत, मुख्यतः सिलिकॉनच्या बाजूला. समोरून बघितलं तर नाही, ड्रायव्हरच्या सीटवर बसून सूर्याकडे तोंड केलं की दिसतात. ओल्या फडक्याने परत जोर लावून पुसलं, गेले. काम झाल्यावर बाहेरून कौतुक करण्यापेक्षा आत बसून बघा.

आतून बसल्यावर अजून एक कळलं, आतल्या बाजूलाही भरपूर फिल्म होती, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडून बसलेली. ती नुसती साफ केली. हे कोटिंग आतून लावायचं नाही, वाफ धरते ती थेंब होऊन बसते आणि उलट जास्त दिसेनासं होतं. आतून वाफ धरू नये म्हणून मिळतं ते उलट्या स्वभावाचं असतं, पाणी पसरवणारं.

बागेच्या पाइपने पाणी मारलं. गोल टपोरे थेंब, फोटो काढण्यासारखे. काढलेही.

२९ मे

फोटोफ्रेमचा तुकडा टेबलावर घेऊन बसलो. ड्रॉपरने सारख्या मापाचे थेंब ठेवून मोबाइलने बाजूने फोटो. थेंब काचेला जिथे टेकतो तिथला कोन ९० अंशाच्या वर गेला की पाणी झिडकारणारी काच म्हणतात, असल्या कोटिंगचा साधारण १०० ते ११५ च्या घरात येतो. माझ्या फोटोत दोन्ही बाजू ९० च्या वर, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांना दोन्ही सारख्याच गोल. जाहिरातीत दिसतो तसा कमळाच्या पानावरचा मोती व्हायला १५० च्या वर लागतो, तो खडबडीत सूक्ष्म पृष्ठभागाचा खेळ आहे आणि वायपरखाली तो खडबडीतपणा टिकत नाही.

मग तुकडा हळूहळू उभा केला. इथे खरी गंमत. मोठा थेंब थोड्याच उतारावर सुटतो, मागे काही न ठेवता. त्याच्याच शेजारचा बारीक थेंब, तितकाच गोल, काच सरळ उभी केली तरी जागचा हलत नाही! वजन कमी पडतं, काच त्याला धरून ठेवते. फ्लोरिनच्या बाजूला जरा लहान थेंबही सुटतात, सिलिकॉनच्या बाजूला थोडा मोठा लागतो, पण रिमझिमीतला बारीक तुषार दोन्हीकडे चिकटूनच.

म्हणजे थेंब गोल दिसतोय ह्यावरून काही ठरत नाही, सुटतोय का ते बघायचं. परवाचे फोटो आता फार महत्त्वाचे वाटत नाहीयेत.

४ जून

पहिला जोराचा पाऊस, गाडी मोठ्या रस्त्यावर. ताशी ६० च्या पुढे थेंब हलायला लागले, ७०-८० ला वर पळायला लागले, काचेवरून छताकडे रांगा धावतायत, वायपर बंद ठेवून समोरचं स्वच्छ दिसत होतं. माझ्या गाडीची काच बरीच तिरपी आहे, उभ्या काचेच्या उंच गाडीला हा आकडा वेगळा येणार. बाजूला बसलेल्यांनी पण मान्य केलं की हे भारी आहे.

नंतर सिग्नलला थांबलो, वायपर लावले आणि थडथडथड. दोन्ही वायपर उड्या मारत परत येतायत, रबराची करकर वेगळीच. आधी असं होत नव्हतं. कोटिंग लावल्यावर लोकांची जी सगळ्यात मोठी तक्रार असते ती हीच, आणि इथेच बहुतेक जण वैतागून सगळं घासून काढतात.

६ जून

थडथडीच्या मागे लागलो. आधी नीट बघितलं की कधी होते. जाताना गुळगुळीत, येताना उड्या. एकाच दिशेला होत असेल तर बहुधा वायपरच्या दांड्याचा कोन बिघडलेला असतो. दोन्ही दिशांना होत असेल तर रबर कडक झालेलं किंवा काचेवर फिल्म राहिलेली.

वायपर अर्ध्या वाटेत असताना इग्निशन बंद केलं, म्हणजे ते मध्येच उभे राहिले, आणि बाजूने डोळा लावून बघितलं. रबराची पात काचेला काटकोनात पाहिजे, म्हणजे जाताना एका बाजूला कलते आणि वळताना टुणकन दुसरीकडे. ड्रायव्हरकडची पात आधीच एका अंगाला कललेली. जाताना ती मागे फरफटत जाते, त्यामुळे चालतं, येताना तिलाच काचेत रोवून पुढे ढकललं जातं, म्हणून उड्या. बिनकोटिंगच्या काचेवर पाण्याची सलग फिल्म असते, त्यावर तिरकी पातही घसरून जायची. आता ती फिल्मच नाही. कोटिंगने दोष आणला नाही, होता तो उघडा केला.

इलाज: दांड्याच्या टोकाला फडकं गुंडाळून दोन पाने (स्पॅनर) लावले, एकाने धरलं आणि दुसऱ्याने किंचित पीळ दिला. अगदी किंचित, परत बघायचं, परत किंचित. हे करताना काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा, कारण पात काढलेला दांडा हातातून सुटून स्प्रिंगने काचेवर आपटला तर काच जाते, आणि मग ह्या सगळ्या नोंदींचा काही उपयोग नाही. वायपर बोनेटखाली लपणारे असतील तर आधी सर्व्हिस पोझिशनला, म्हणजे बोनेटपासून वर, आणायचे, नाहीतर दांडा उचलताना बोनेटला घासतो.

पीळ दिल्यावर ड्रायव्हरची बाजू शांत. दुसऱ्या बाजूचं रबर नखाने वाकवून बघितलं तर कडेला बारीक भेगा, ते गेलेलंच होतं. दोन्ही पाती नवीन घेतल्या, ग्राफाइटचा थर असलेल्या. आख्ख्या कामात सगळ्यात जास्त पैसे ह्यालाच गेले, दोन्ही कोटिंगच्या बाटल्या मिळून कमी पडल्या. नवीन रबर अल्कोहोलने पुसायचा मोह होतो, पुसू नका, ग्राफाइट निघून येतं. नुसतं ओलं फडकं.

सिलिकॉनच्या पाती मुद्दाम टाळल्या. त्या स्वतः काचेवर सिलिकॉन सोडत जातात, मग फ्लोरिनच्या बाजूला काय चाललंय ते कळणारच नाही.

१५ जून

रात्र, रिमझिम, शहरातलं रांगत चालणारं ट्रॅफिक. टेबलावर जे दिसलं होतं तेच इथे. वेग नाही म्हणून वारा नाही, थेंब बारीक म्हणून वजन नाही, सगळे जागच्या जागी बसून आणि समोरच्या गाडीचा दिवा प्रत्येकात वेगळा चमकतोय. बिनकोटिंगच्या काचेपेक्षा वाईट दिसत होतं, हे स्पष्ट लिहून ठेवतो. वायपर मधूनमधून नाही, सतत चालू ठेवला तेव्हा ठीक.

वायपर गेल्यावर मागे क्षणभर एक धुरकट पट्टा दिसतो आणि उडून जातो. पातीने थेंब चिरडून अतिबारीक तुषार केलेला असतो तो. नवीन पातीने कमी झालाय पण पूर्ण गेला नाही. सिलिकॉनच्या बाजूला जास्त आहे.

‘कोटिंग लावलं की वायपरची गरज नाही’ असं कुणी सांगत असेल तर तो मोठ्या रस्त्यावरच गाडी चालवत असणार.

२१ जून

ऑटो वायपरचं नाटक. पाऊस चालू असून वायपर गप्प, मग अचानक जोरात. आरशामागे जो सेन्सर आहे तो काचेतून तिरकस इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, कोरड्या काचेत तो पूर्ण परत येतो, बाहेर पाणी टेकलं की तेवढा प्रकाश बाहेर निसटतो, परत कमी आला म्हणजे पाऊस. आता कोटिंगमुळे पाणी पसरत नाही, ठिपक्यांएवढ्याच जागा ओल्या होतात आणि सेन्सरला पाऊस आहे त्याहून कमी वाटतो. एखादा टपोरा थेंब नेमका सेन्सरच्या डोळ्यासमोर येऊन बसला की एकदम जाग.

आधी सेन्सिटिव्हिटी एक घर वाढवली. थोडा फरक. मग सेन्सरसमोरचा काडेपेटीएवढा तुकडा मास्किंग टेपने आखून हाताने सेरियमने घासून कोटिंग काढून टाकलं. आता पहिल्यासारखं वागतोय. नवीन गाड्यांना तिथेच शेजारी लेन बघणारा कॅमेरा असतो, त्यांनी बाटली उघडायच्या आधी गाडीचं मॅन्युअल उघडावं. कोटिंग लावतानाच तेवढा चौकोन झाकून ठेवला असता तर हे काम वाचलं असतं.

१२ जुलै

बाजूच्या काचा आणि आरसे. उरलेलं फ्लोरिनवालं लावलं. बाजूच्या काचांना फार छान, चालायला लागलं की साफ, आणि तिथे वायपर नसल्याने झिजायचा प्रश्न नाही.

आरशांना मात्र बेकार. आरसा त्याच्या टोपणाच्या आडोशाला असतो, वारा लागतच नाही, थेंब मजेत बसून राहतात आणि मागची गाडी शंभर तुकड्यांत दिसते. आरशाला पाणी पसरवणारा थर बरा पडतो, काही गाड्यांचे आरसे त्यासाठीच टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन येतात. माझे तसले नाहीत. सेरियम काढलं, दोन्ही आरसे घासले, परत साध्या काचेवर आलो.

हेल्मेटच्या काचेबद्दल घरात विचारणा झाली. ती काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे, काचेच्या कोटिंगमधल्या द्रव्याने तिला बारीक तडे पडू शकतात. प्लास्टिकसाठी वेगळं मिळतं. नाही म्हणून सांगितलं.

९ ऑगस्ट

सकाळी बघतो तर दोन्ही बाजूंचं पाणी पसरतंय, थेंबच नाहीत. वाटलं गेलं सगळं, एवढ्यात? फोनवर नवीन बाटली बघायलाही लागलो होतो.

मग आठवलं, घरातल्या कुणीतरी वॉशरच्या टाकीत भांड्यांचा साबण घातलाय. काच स्वच्छ व्हावी म्हणून, हेतू चांगला. साबणाचं कामच पाणी पसरवणं, त्याचा थर कोटिंगच्या वर बसला की खालचं कोटिंग जिवंत असूनही मेल्यासारखं दिसतं. काच भरपूर साध्या पाण्याने धुतली, अल्कोहोलचा एक हात मारला, परत पाणी सोडलं, ड्रायव्हरच्या बाजूला थेंब परत आले, सुटतायतही. टाकी उपसून रिकामी केली, नळ्यांतला साबण फवारून संपवला, नोझलमध्ये फेस येत होता बराच वेळ. आता टाकीत साधं वॉशर फ्लुइड. थेंब बनवायचा दावा करणारं फ्लुइड मिळतं ते घेतलं नाही, दोन कंपन्यांची रसायनं टाकीत एकत्र होऊन गाळ झाला तर नोझल चोंदतात.

तेव्हा कोटिंग गेलं असं ठरवायच्या आधी ते मळलंय की मेलंय ते बघा. धुऊन, अल्कोहोल मारून, मगच पाण्याने तपासा.

शेजारच्या बाजूचं सिलिकॉन मात्र खरंच गेलंय, पण कुठे गेलंय ते बघण्यासारखं आहे. वायपर फिरतो तेवढाच पंखा उतरलाय, वरचे कोपरे आणि दोन वायपरांच्या मधला त्रिकोण, जिथे पात पोचत नाही, तिथे अजून पहिल्या दिवसासारखे थेंब. पाऊस आणि ऊन दोन्ही जागांना सारखंच होतं, फरक फक्त रबराचा.

मधल्या रेघेवर अपेक्षित नसलेलं एक दिसलं. ड्रायव्हरचा वायपर रेघ ओलांडून पलीकडे जातो. जिथे तो सिलिकॉनच्या भागातून परत फ्लोरिनच्या भागात येतो तिथे बोटभर रुंदीचा पट्टा मळकट दिसतो आणि धुरकटपणा जास्त. बहुतेक तिकडचं सुटलेलं इकडे ओढून आणतोय. एकाच काचेवर दोन जाती ठेवण्याचा प्रयोग इथे संपवतो.

२४ ऑगस्ट

शेजारची बाजू पूर्ण काढून फ्लोरिनवालं लावलं. ह्या वेळी ड्रिल नाही लागलं, डाग नव्हतेच, हाताने सेरियम, पाण्याची चादर बघितली, अल्कोहोल, कोटिंग. लहान भाग, घड्याळाकडे न बघता. सेन्सरचा चौकोन आधीच झाकला. वायपरखालची रेघ वायपर उचलून केली. जेवणाआधी काम संपलं.

खर्चाचा हिशोब बघितला तर आळशी माणसाला सिलिकॉनही वाईट नाही, बाटली स्वस्त, लावायला सोपं, फक्त दर थोड्या दिवसांनी परत लावायची तयारी पाहिजे. मला परत-परत लावायचा कंटाळा, म्हणून फ्लोरिन. पण ह्या फ्लोरिनवाल्या रसायनांचं निसर्गात सहजासहजी विघटन होत नाही हेही खरं आहे, त्यामुळे उगाच थरावर थर देत बसत नाही, आणि पुसलेली फडकी नाल्यावर धुवत नाही.

२८ सप्टेंबर

ड्रायव्हरच्या बाजूला मेचं कोटिंग अजून आहे. पंख्याच्या मधल्या भागात मोठा थेंब सुटायला आता पहिल्यापेक्षा जास्त वेग लागतो, ८० च्या आसपास. कडांना फरक नाही. काटकोनात आणलेला वायपर अजून शांत.

मागच्या काचेला लावायचं म्हणून बाटली काढली तर उरलेलं द्रव्य जेलीसारखं झालंय. झाकण घट्ट होतं, पण एकदा उघडल्यावर आत गेलेली दमट हवा पुरेशी झाली असणार. असलं घट्ट झालेलं काचेवर लावायचं नाही, पुसलं जात नाही. टाकून दिलं. पुढच्या वेळी लहान बाटली घ्यायची आणि समोरची, मागची, बाजूच्या सगळ्या काचा एकाच दिवशी उरकायच्या. मागची काच तोवर तशीच.